जुन्या गेमिंग पीसीला साउंड कार्ड कोणतं घ्यावं? डब्यावरचं नाव सोड, चिपवरचा नंबर वाच

भाऊ, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. अमळनेरला एका कॉलेजच्या लॅबमधून निघालेला पेंटियम टू ३५० चा पीसी तुला मिळालाय, मदरबोर्ड इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा आहे, दोन आयएसए स्लॉट (जुन्या पद्धतीची कार्डं खोचायच्या खाचा) शाबूत आहेत, त्या पीसीवर तुला डॉसचे (विंडोजच्या आधीची सिस्टिम) जुने गेमही खेळायचेत आणि विंडोज ९८ चेही. ऑनलाइन एक जण क्रिएटिव्ह कंपनीचं एडब्ल्यूई६४ गोल्ड साउंड कार्ड विकतोय आणि त्याची किंमत अख्ख्या पीसीच्या कितीतरी पट सांगतोय, मित्र म्हणतो त्याच कंपनीचं साउंड ब्लास्टर १६ घे डोळे झाकून, आणि तुला कळत नाहीये की कोणाचं ऐकावं. शेवटी शिरपूरच्या मावसभावाबद्दल पण विचारलंयस, त्याच्याकडं नवा पीसी आहे आणि आयएसए स्लॉटच नाही. त्याचं शेवटी बघू.

सरळ उत्तर असं की गोल्ड घेऊ नको, आणि साउंड ब्लास्टर १६ डोळे झाकून तर अजिबात घेऊ नको. एका आयएसए स्लॉटमध्ये यामाहाच्या वायएमएफ७१८ किंवा वायएमएफ७१९ चिपचं कार्ड टाक, ते नाही मिळालं तर ईएसएसचं ईएस१८६८ किंवा १८६९. पीसीआय, म्हणजे आयएसएच्या नंतर आलेल्या, स्लॉटमध्ये साउंड ब्लास्टर लाइव्ह टाक विंडोजच्या गेमसाठी. दोन्ही मिळून त्या गोल्डच्या किमतीचा छोटासा हिस्सा लागेल आणि डॉसमध्ये तर आवाज गोल्डपेक्षा जास्त खरा येईल. आता का ते सांगतो, कारण नुसतं नाव ऐकून कार्ड घेणारे लई लोक माझ्याकडं येतात आणि कार्ड हातात असूनही आवाज मनासारखा नाही म्हणून वैतागलेले असतात.

बघ, डॉसच्या गेममध्ये आवाज दोन वेगळ्या वाटांनी येतो. एक म्हणजे संगीत, आणि दुसरं म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, बंदूक, दरवाजा, माणसाचं ओरडणं वगैरे. संगीत त्या काळी फाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवायला जागाच नव्हती, फ्लॉपीवर येणारे गेम ते. म्हणून गेम कार्डावरच्या चिपला फक्त सूचना देतो की हा सूर लाव, एवढा वेळ धर, आता सोड, आणि चिप तो सूर जागच्या जागी तयार करते. हे एफएम सिंथेसिस. याची मूळ कल्पना अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये सुचली, यामाहानं तिचं लायसन्स घेतलं, आणि त्यातूनच पुढं यामाहाच्या ओपीएल चिपा आल्या. १९८७ मध्ये कॅनडाच्या अ‍ॅडलिब कंपनीनं जे कार्ड काढलं त्यावर यामाहाची वायएम३८१२ होती, तिलाच ओपीएल२ म्हणतात, नऊ चॅनेल, सगळं मोनो. मग १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हनं तीच चिप आपल्या कार्डावर लावली, सोबत रेकॉर्ड केलेले आवाज वाजवायची सोय दिली आणि जॉयस्टिकचं पोर्टही दिलं, तो पहिला साउंड ब्लास्टर. अ‍ॅडलिब तिथंच मागं पडली आणि १९९२ मध्ये बुडाली. नंतर ओपीएल३ आली, वायएमएफ२६२, अठरा चॅनेल आणि स्टिरिओ, आणि १९९२ नंतरच्या चांगल्या कार्डांवर तीच असायची.

आता मुद्दा नीट ऐक. त्या काळच्या संगीतकारांनी आपल्या चाली याच यामाहाच्या चिपवर ऐकून-ऐकून बसवल्यात, वाद्याचा एकेक नंबर हातानं जुळवून. तीच चाल दुसऱ्या नकली चिपवर लावली तर वरातीतल्या बँडचं गाणं नवख्या पोरानं कीबोर्डवर वाजवल्यासारखं होतं, चाल ओळखू येते पण जीव नसतो. म्हणून माझ्या लेखी डॉसच्या पीसीसाठी पहिला प्रश्न एकच, कार्डावर खरी ओपीएल३ आहे का. बिट किती, किलोहर्ट्झ किती, सोनेरी आरसीए सॉकेट आहेत का, हे सगळं नंतर.

आणि गोल्ड इथंच मार खाते. एडब्ल्यूई६४, साधी असो की गोल्ड, तिच्यावर यामाहाची ओपीएल३ नाहीये. क्रिएटिव्हनं खर्च वाचवायला स्वतःची सीक्यूएम नावाची नक्कल वापरली, आणि ती नक्कल ऐकायला पातळ लागते, झांजा आणि ड्रमचे आवाज तर कानाला टोचतात. गोल्डची खरी ताकद दुसरीकडं आहे, तिच्यावर ईएमयू८००० ही वेव्हटेबल (वाद्यांचे रेकॉर्ड केलेले नमुने वाजवणारी) चिप आणि ४ एमबी रॅम आहे, त्यात साउंडफाँट (वाद्यांच्या नमुन्यांची फाइल) टाकून मिडी संगीत, म्हणजे नुसत्या सुरांच्या सूचनांचं संगीत, छान वाजतं, खरखरही कमी. म्हणजे कार्ड वाईट नाही बरं का, पण तुला खेळायच्या असलेल्या १९८८ ते १९९४ च्या गेमसाठी ती ताकद बहुतेक वेळा वापरलीच जात नाही. जे वापरायचं नाही त्याचे पैसे कशाला द्यायचे?

बरं साउंड ब्लास्टर १६ बद्दल. हे एक कार्ड नाहीये, याचे इतके अवतार निघाले की नावाला काही अर्थच उरत नाही. सुरुवातीच्या, म्हणजे १९९२-९४ च्या आसपासच्या कार्डांवर खरी ओपीएल३ आहे, एकतर वायएमएफ२६२ लिहिलेली वेगळी चिप दिसते नाहीतर सीटी१७४७ नावाची क्रिएटिव्हची चिप असते जिच्या पोटात ओपीएल३ आहे. नंतरच्या, व्हायब्रा वगैरे नावाच्या बऱ्याच कार्डांवर सीक्यूएम आली. डबा तोच, नाव तेच, आवाज वेगळा. दुसरं, ४.११ ते ४.१३ व्हर्जनच्या डीएसपीवाल्या (डीएसपी म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज हाताळणारी चिप) कार्डांवर वेव्हटेबल डॉटरबोर्ड, म्हणजे वरून खोचायचं छोटं जोडकार्ड, लावला तर मिडीचे सूर मध्येच अडकतात, एक सूर वाजायला लागला की थांबतच नाही, पार पुढची लेव्हल येईपर्यंत भोंग्यासारखा चालू. तिसरं, १६ च्या आधीच्या साउंड ब्लास्टर प्रो साठी लिहिलेल्या गेमचा स्टिरिओ १६ वर मोनो होतो, कारण प्रो ची स्टिरिओची पद्धत १६ मध्ये ठेवलीच नाही. आणि चौथं म्हणजे खरखर, पण त्यावर पुढं सविस्तर.

तुझा मित्र म्हणेल की अरे पण १६ बिट आहे ना. तर डूमचंच उदाहरण घे, १९९३ चा गेम, त्यातले बंदुकीचे आणि राक्षसांचे आवाज मुळातच ८ बिट आणि ११ किलोहर्ट्झवर साठवलेले आहेत. ते १६ बिट कार्डावर वाजवले म्हणून त्यांच्यात नवीन काही येत नाही. १६ बिटवाल्या डॉस गेमांची संख्या त्या मानानं कमी, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर प्रो चा पर्याय असतोच. म्हणून ईएसएस आणि यामाहाची कार्डं जी फक्त प्रो ची नक्कल करतात ती तुझ्या कामाला पुरून उरतात.

आपल्याकडं खानदेशात काय मिळतं ते सांगतो. १९९७-९८ नंतर जळगाव, धुळे, भुसावळला जे असेंबल्ड पीसी विकले गेले, त्या मल्टिमीडिया किटमध्ये क्रिएटिव्हचा डबा क्वचित असायचा, महाग पडायचा ना. त्यात बिनानावाची हिरवी कार्डं असायची आणि त्यांच्यावर नेमक्या ईएसएस, यामाहा, क्रिस्टल नाहीतर ऑप्टीच्या चिपा असायच्या. भंगारवाल्याकडं हीच कार्डं रॅम आणि मोडेमच्या ढिगात पडलेली असतात, कोणी विचारत नाही. गोलाणी मार्केटमध्ये जुन्या दुकानदाराला आयएसएचं साउंड कार्ड म्हणून विचार, नुसतं साउंड कार्ड म्हटलं तर तो यूएसबीचं काढून देईल. कॉलेजांचे लॅब मोडीत निघतात तेव्हा, आणि दिवाळीच्या आधी घरं साफ होतात तेव्हा माल जास्त येतो.

कार्ड हातात आलं की उन्हात धर. सगळ्यात मोठ्या काळ्या चिपवर अंगठा ओला करून पूस, पंचवीस वर्षांची धूळ निघाली की अक्षरं दिसतात, सरळ धरून दिसत नाहीत तर तिरपं करून बघ. ईएस१८६८एफ किंवा ईएस१८६९एफ दिसलं तर घे. यात ईएसएसची स्वतःची ईएसएफएम आहे, ती यामाहाची नाही तरी ओपीएल३ साठी लिहिलेलं संगीत फार जवळून वाजवते, मला तरी ती सीक्यूएमपेक्षा शंभर पटीनं आवडते, आणि कार्ड इतकं शांत असतं की हेडफोन लावूनही पाठीमागं काही ऐकू येत नाही. वायएमएफ७१८ किंवा ७१९ दिसलं तर विचारच करू नको, त्या एकाच चिपमध्ये खरी ओपीएल३ पण आहे आणि साउंड ब्लास्टर प्रो ची नक्कल पण, काही कार्डांवर तर वेव्हटेबल लावायच्या पिनाही असतात. क्रिस्टलचं सीएस४२३२ असेल तर शेजारी वेगळी यामाहाची चिप आहे का बघ, असेल तर चांगलं, नसेल तर सोड. ऑप्टीची कार्डं चालतात पण माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेकांना खरखर जास्त होती, फुकट मिळालं तरच.

चिप बघून झाली की कार्डाच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या बघ, काळ्या पडल्या असल्या तर काही बिघडत नाही, पोरांच्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं घासायच्या आणि मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसायच्या, मोबाइल रिपेअरवाल्याकडं मिळतं ते. पट्टी उखडलेली असेल तर मात्र नको. उभे गोल कॅपॅसिटर असतात त्यांच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग किंवा हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर ते गळलेत, बदलता येतात, पण भाव त्या हिशेबानं कर. आणि कार्डावर जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) गायब असतील तर रिकाम्या पिनांचे फोटो काढून ठेव, बहुतेक वेळा इंटरनेटवर त्याच कार्डाचा सेटिंगचा तक्ता सापडतो.

आता मिडीचं. तुला रोलँड कंपनीबद्दल कुठंतरी वाचायला मिळालं असणार. १९८७ ची एमटी-३२ आणि १९९१ ची साउंड कॅनव्हास एससी-५५ ही बाहेरून जोडायची यंत्रं, आणि खरं सांगतो, एकदा चांगल्या गेमचं संगीत त्यांच्यावर ऐकलं की काही दिवस दुसरं ऐकवत नाही. पण आपल्याकडं ती दुर्मिळ आहेत आणि परदेशातून मागवायची तर कस्टम ड्युटीसकट आकडा कुठल्या कुठं जातो. त्याला आज चांगला पर्याय आहे, रास्पबेरी पाय या हातात मावणाऱ्या छोट्या कंप्युटरवर एमटी३२-पाय नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की ते दोन्ही यंत्रांचं काम करतं आणि कार्डाच्या जॉयस्टिक पोर्टमधून मिडी केबलनं जोडता येतं. एक अडचण एवढीच की एमटी-३२ चे काही जुने गेम एमपीयू-४०१ (रोलँडचा मिडी जोडणीचा इंटरफेस) चा इंटेलिजंट मोड मागतात जो तुझ्या कार्डात नसणार, त्यासाठी सॉफ्टएमपीयू हा छोटा प्रोग्रॅम डॉसमध्ये आधी लोड करायचा. पण हे पुढचं. आधी एफएम नीट वाजू दे, सहा महिने ऐक, मग ठरव. ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंडच्या मागं तर आत्ता लागूच नको, सुंदर कार्ड आहे, संगीत-चित्रांचे डेमो प्रोग्रॅम बनवणाऱ्या लोकांचं लाडकं, पण त्याला नीट साथ देणारे गेम मोजके. फारच वाटलं तर पायकोजीयूएस नावाचं नवीन आयएसए कार्ड आलंय, रास्पबेरी पाय पिकोवर चालतं आणि अल्ट्रासाउंडपासून अ‍ॅडलिबपर्यंत बरंच काही बनतं.

आणि हो, डेंजरस डेव्हसारख्या गेमला साउंड कार्ड लागतच नाही, तो पीसी स्पीकरवर वाजतो. लॅबमधल्या बऱ्याच पीसींचा तो छोटा स्पीकर काढून टाकलेला असतो, तर कॅबिनेटमध्ये बघ, नसला तर स्वस्तात मिळतो, मदरबोर्डवर स्पीकर लिहिलेल्या चार पिनांवर लाव.

विंडोज ९८ कडं येऊ. तिथं एफएमचा प्रश्नच संपतो, संगीत सीडीवरून वाजतं नाहीतर फाइलमधून, आणि महत्त्व येतं थ्रीडी आवाजाला, पाठीमागून कोण आलं, भिंतीवरून आवाज कसा परतला. त्यासाठी साउंड ब्लास्टर लाइव्ह, १९९८ चं कार्ड, ईएमयू१०के१ चिप, ईएएक्स (क्रिएटिव्हची खोलीतल्या घुमण्यासारख्या आवाजाची पद्धत) चालतं आणि मिळतंही सहज. इथंही नावाला भुलू नको. डेल कंपनीच्या पीसीतून निघालेलं एसबी०२०० लाइव्हच म्हणवतं पण त्याची चिप कापलेली आहे, आणि लाइव्ह २४-बिट म्हणून जे आलं ते तर वेगळंच कार्ड. चिपवर ईएमयू१०के१ लिहिलेलं वाच आणि शेवटी एक्स नाही ना ते बघ. तुझा बोर्ड इंटेल बीएक्सचा आहे हे नशीब समज, व्हीआयए कंपनीच्या चिपसेटच्या काही बोर्डांवर लाइव्ह तडतड करायचं आणि लोकांनी त्यापायी हार्ड डिस्कचा डेटा पण घालवलाय. ऑरियल व्होर्टेक्स २ मिळालं तर तेही घेऊन ठेव, हाफ-लाइफ हा गेम ए३डी वर, म्हणजे ऑरियलच्या थ्रीडी आवाजाच्या पद्धतीवर, ऐकण्यासारखा अनुभव आहे, वाऱ्याचा आवाज बोगद्यातून चालताना जसा बदलतो तसा मी नंतरच्या कार्डांवर पण फार कमी ऐकलाय. ऑरियल कंपनी २००० मध्ये बुडाली आणि क्रिएटिव्हनंच तिचं सामान विकत घेतलं, त्यामुळं ड्रायव्हर तिथंच थांबले, पण विंडोज ९८ साठी आहेत ते पुरेसे आहेत. बाकी रोड रॅशसारख्या गेमला यातलं काहीच लागत नाही, कुठल्याही कार्डावर पळतो.

दोन कार्डं एका पीसीत टाकताना भांडण लागू नये म्हणून काय करायचं ते लक्षात ठेव. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पीएनपी आणि पीसीआयच्या पानावर आयआरक्यू ५ (कार्डानं प्रोसेसरला हाक मारायचा नंबर) हा लेगसी आयएसए म्हणून राखून ठेव, डीएमए १ (कार्डानं मेमरीतून डेटा घ्यायची वाट) पण, नाहीतर पीसीआयचं एखादं कार्ड ५ वर जाऊन बसतं आणि गेम पहिल्या आवाजालाच लटकतो. लाइव्ह बसवल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड ब्लास्टर १६ इम्युलेशन म्हणून एक नोंद येते, ती डिसेबल कर, नाहीतर गेम जिथं साउंड ब्लास्टर शोधतात तो २२० चा पत्ता ती धरून बसते आणि तुझं आयएसए कार्ड उपाशी. मग डॉससाठी युनिसाउंड नावाचा प्रोग्रॅम घे, तो आयएसएची बरीचशी प्लग अँड प्ले कार्डं ओळखतो, चालू करून देतो आणि मेमरीत न थांबता निघून जातो. त्याला काय हवं ते डॉस सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये ब्लास्टरच्या ओळीत लिहायचं, पत्ता ए२२०, आयआरक्यू आय५, डीएमए डी१, मिडी पी३३०, आणि प्रकार टी४, कारण तुझं कार्ड प्रो सारखं वागतं, टी६ हा १६ चा नंबर आहे तो टाकू नको. फार जुना एखादा गेम फक्त आयआरक्यू ७ वरच वाजतो, पहिल्या साउंड ब्लास्टरचा तो मूळ नंबर होता. त्या गेमपुरतं ७ कर, प्रिंटर पोर्टचाही तोच असतो पण डॉसमध्ये सहसा अडचण येत नाही.

अजून एक. तुझा ३५० चा प्रोसेसर १९९० च्या गेमला फार वेगवान आहे. काही गेम अ‍ॅडलिब आहे का हे ठराविक विलंब मोजून तपासतात, प्रोसेसर वेगवान असला की तो विलंब पुरत नाही आणि गेम म्हणतो कार्डच नाही. लोकांना वाटतं कार्ड बिघडलं. तसं झालं तर बायोसमधून प्रोसेसरचा कॅश बंद करून बघ, पीसी एकदम मंद होईल आणि संगीत सुरू होईल.

स्पीकर एकच असेल तर आयएसए कार्डाच्या लाइन आउटमधून एक केबल लाइव्हच्या लाइन इनमध्ये टाक आणि स्पीकर लाइव्हला जोड, दोन्हीचा आवाज एकाच ठिकाणी. यात एक पथ्य आहे, आयएसए कार्डावर स्पीकर आउट आणि लाइन आउट निवडायचे जंपर असतात, ते लाइन आउटवर कर. स्पीकर आउट म्हणजे कार्डावरच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आलेला सिग्नल, साउंड ब्लास्टर १६ च्या निम्म्या खरखरीचं कारण तोच असतो. मिक्सरमध्ये माइक आणि जे वापरत नाहीस ते सगळे चॅनेल बंद कर. आणि आयएसए कार्ड ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) पासून जेवढं लांब जाईल तेवढं लांबच्या स्लॉटमध्ये घाल.

एवढं करूनही जर घर्रर्र असा एकसुरी आवाज येत असेल, तर कार्डाला दोष देऊ नको, अर्थिंग बघ. आपल्याकडं हे फार होतं आणि कोणी सांगत नाही. तापीकाठची काळी जमीन एप्रिल-मे मध्ये वाळून तिला भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, मीठ-कोळसा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. कॅबिनेटला उलटा हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं ना, तेच. तोच करंट ऑडिओ केबलमधून गुणगुणत स्पीकरपर्यंत येतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठ-पंधरा दिवसांनी बादलीभर पाणी ओतायला सांग घरच्यांना, हे कार्डासाठीच नाही, माणसांसाठीही गरजेचं आहे. वायरमन बोलावून एकदा तपासून घेतलंस तर उत्तम. पीसी आणि स्पीकर दोन्ही एकाच बोर्डावर लाव, वेगवेगळ्या खोल्यांतल्या सॉकेटवर नको. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज बदलत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर आहे, त्यावर जुना एसएमपीएस चालवूच नको, गेम सेव्ह करून बंद कर.

उन्हाचं पण मनावर घे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, बंद कॅबिनेटमध्ये त्याच्यावर अजून दहा-पंधरा धर. कॅपॅसिटरचा साधा हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून दुपारी खेळू नको, कॅबिनेटला मागं एक पंखा लाव, आणि कार्ड वापरात नसेल तर पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवू नको, गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेव.

पैसे द्यायच्या आधी कार्ड वाजवून बघता आलं तर बघ. विकणाऱ्याकडं आयएसएवाला पीसी नसतोच, म्हणून मी त्याला म्हणतो की मी घेऊन जातो, दोन दिवसांत नाही वाजलं तर परत आणीन. ओळखीचा माणूस असला की ऐकतो. ऑनलाइन घेताना दोन्ही बाजूंचे फोटो माग, चिपवरची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून, आणि फोटो द्यायला टाळाटाळ केली तर तिथंच सोड. त्या गोल्डवाल्यालाही फोटो मागून बघ, तो काय म्हणतो तेही कळेल.

राहता राहिला शिरपूरचा मावसभाऊ. आयएसए स्लॉट नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही. त्याच्या बोर्डाला लेगसी बूट (जुन्या पद्धतीनं सुरू होणं) येत असेल तर खऱ्या डॉसमध्ये एसबीईएमयू नावाचा प्रोग्रॅम चालतो, तो बोर्डावरच्या साध्या एसी९७ किंवा एचडी ऑडिओलाच साउंड ब्लास्टर बनवतो, ओपीएल३ सकट. थोडा जुना, पेंटियम थ्री-फोरच्या काळातला पीसी मिळाला तर यामाहाचं वायएमएफ७२४ किंवा ७४४ हे पीसीआय कार्ड बघ, त्यात खरी ओपीएल३ आहे, पण डॉसमध्ये डिजिटल आवाज नीट यायला बोर्डाची साथ लागते, शक्य असेल तर एसबी-लिंकच्या (कार्ड बोर्डाला जोडायच्या खास केबलच्या) पिना असलेला बोर्ड शोध. आणि हे काहीच करायचं नसेल तर त्याला डॉसबॉक्स स्टेजिंग (नव्या पीसीवर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) टाकून दे, त्यातली ओपीएल३ ची नक्कल फार प्रामाणिक आहे, सेटिंगमध्ये साउंड ब्लास्टर प्रो २ निवडायला सांग. तुला यामाहाचं कार्ड मिळालं की दोघांनी एकच गेम लावून फोनवर एकमेकांना ऐकवा, मला पण कळव कसं वाटलं ते, आणि चिप ओळखता येत नसली तर कार्डाचा फोटो टाक, मी बघून सांगतो.